अर्नोल्ड गेझेल : पहिल्या पावलाचा अभ्यासक

मूल आधी मान धरते, मग कुशीवर वळते, पालथे पडते, बसू लागते, रांगते, धरून उभे राहते आणि एके दिवशी आधार सोडून दोन पावले टाकते. हा क्रम घरातल्या प्रत्येक आजीला ठाऊक असतो. परंतु मान धरणे आणि पाऊल टाकणे यांच्या दरम्यान मुलाच्या शरीरात काय घडते, कोणते अवयव आधी त्याच्या ताब्यात येतात आणि कोणते नंतर, बोटांच्या चिमटीत दाणा धरता येण्यापूर्वी त्याचा हात किती वेगवेगळ्या तऱ्हांनी त्या दाण्यावर पडतो, याचा बारकाईने हिशेब मांडणारे लोक विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फार थोडे होते. चार्ल्स डार्विन यांच्यासारख्या काही विद्वानांनी आपल्या मुलांविषयी नोंदी ठेवल्या होत्या. डार्विन यांनी आपल्या नोंदी १८७७ मध्ये प्रसिद्धही केल्या. पण एका घरातील एका मुलावरून सर्व मुलांविषयी किती सांगता येणार? अनेक घरांतील मुले, ठरावीक वयात, सारख्याच परिस्थितीत पाहण्याचे काम अमेरिकेतील डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड गेझेल यांनी हाती घेतले आणि उभे आयुष्य त्यात घातले.

अर्नोल्ड गेझेल यांचा जन्म २१ जून १८८० रोजी विस्कॉन्सिन राज्यातील अल्मा या गावी झाला. मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव. वडील गेर्हार्ड गेझेल छायाचित्रकार होते, तर आई क्रिस्टीन शिक्षिका होती. पाच भावंडांत अर्नोल्ड थोरले. धाकट्या भावंडांना वाढताना पाहण्याची संधी त्यांना घरातच मिळाली आणि कॅमेरा ही वस्तूही त्यांच्या घरात रोजच्या वापरातली होती. पुढे या दोन गोष्टींची सांगड त्यांच्या संशोधनात पडली, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही.

आईप्रमाणेच शिक्षक व्हावे असे त्यांच्या मनात होते. शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन त्यांनी शाळेत शिकवले आणि १९०३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदवी मिळवली. काही काळ ते एका शाळेचे मुख्याध्यापकही होते. त्या काळी अमेरिकेत बालमनाच्या अभ्यासाची लाट आली होती आणि क्लार्क विद्यापीठातील स्टॅन्ली हॉल हे तिचे अग्रणी होते. गेझेल त्यांच्याकडे गेले आणि १९०६ मध्ये मत्सर या भावनेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर लॉस एंजेलिस येथील अध्यापक विद्यालयात काम करीत असताना बिॲट्रिस चँडलर या सहशिक्षिकेशी त्यांचा परिचय झाला. १९०९ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. पतिपत्नींनी मिळून प्राथमिक शिक्षणावर एक पुस्तकही लिहिले.

१९११ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना शिक्षणशास्त्र शिकवण्यासाठी बोलावले. न्यू हेवन शहरात त्यांनी मुलांसाठी एक तपासणी केंद्र उघडले. अभ्यासात मागे पडणारी, बोलण्याचालण्यात इतरांहून वेगळी वाटणारी मुले तेथे आणली जात. केवळ मानसशास्त्राच्या बळावर या मुलांना नीट समजून घेता येणार नाही, त्यांच्या शरीराचेही ज्ञान हवे, हे गेझेल यांना लवकरच उमगले. तिशी ओलांडल्यावर, शिकवण्याची नोकरी सांभाळून, ते वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी झाले आणि १९१५ मध्ये येलमधूनच डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्याच सुमारास कनेक्टिकट राज्याने शाळांतील मुलांच्या तपासणीसाठी त्यांची नेमणूक केली. अमेरिकेतील पहिले शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते या कामामुळे.

याच काळातील त्यांचे एक लेखन मात्र आज वाचताना खटकते. १९१३ मध्ये त्यांनी आपल्या जन्मगावावर एक लेख लिहिला आणि कोणत्या घरात मंदबुद्धी आहे, कोणत्या घरात वेड किंवा व्यसन आहे, याची जणू खानेसुमारीच मांडली. सारे काही रक्तातून येते, हा त्या काळातील अनेक सुशिक्षितांचा समज होता आणि तरुण गेझेलही त्याला अपवाद नव्हते. पुढे हजारो मुले जवळून पाहिल्यावर त्यांची भाषा पुष्कळ सौम्य झाली. तरी मुलाच्या वाढीचा कर्ता मुलाच्या आतच असतो, ही धारणा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

मागे पडलेल्या मुलांना तपासता तपासता त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहिला. हे मूल मागे आहे असे म्हणायचे, तर कोणाच्या मागे? सर्वसाधारण, निरोगी मूल दहा आठवड्यांचे असताना काय करते आणि तीस आठवड्यांचे असताना काय, हेच कोठे लिहिलेले नव्हते. तेव्हा गेझेल आजाराकडून निरोगीपणाकडे वळले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शालापूर्व वयावरील ग्रंथात त्यांनी मुलाच्या वर्तनाचे चार भाग पाडले: शरीराची हालचाल, वस्तू हाताळताना दिसणारी समज, भाषा आणि माणसांशी वागणे. आजही बालरोगतज्ज्ञ मुलाचा विकास तपासताना थोड्याफार फरकाने हेच चार रकाने वापरतात.

१९२६ पासून रॉकफेलर निधीतून मोठे साहाय्य मिळू लागले आणि येलमध्ये एक आगळी वास्तू उभी राहिली. तो होता एक पांढरा घुमट. त्याच्या आत मध्यभागी बाळाचा पाळणा किंवा छोटे मेज ठेवलेले असे आणि घुमटाच्या कमानीवरील रुळांवरून चलच्चित्राचे कॅमेरे सरकत. बाळाचे चित्र त्यामुळे वरून, बाजूने, हव्या त्या कोनातून घेता येई. निरीक्षक बाहेर अंधारात बसत. मधल्या बारीक जाळीच्या पडद्याला प्रकाशाकडच्या बाजूने पांढरा रंग दिलेला असल्याने बाहेरच्यांना आतले सारे दिसे, परंतु आतून बाहेरचे कोणी दिसत नसे. मोठी माणसे टक लावून बघत आहेत हे कळले की मुलाचे वागणे बदलते. ते बदलू नये म्हणून हा खटाटोप होता.

बाळापुढे ठेवल्या जाणाऱ्या वस्तूही अगदी साध्या असत: लाकडी ठोकळे, दोरीला बांधलेली कडी, घंटा, एक छोटीशी गोळी. चित्रीकरण झाल्यावर गेझेल आणि त्यांचे सहकारी ती फीत एकेका चित्राने पुढे सरकवीत. डोळ्याला जी हालचाल क्षणार्धात निसटून जाते, ती फितीवर कितीतरी टप्प्यांची बनलेली दिसे. या परिश्रमातून १९३४ मध्ये बालवर्तनाचा दोन खंडांचा चित्रसंग्रह निघाला. त्यात ३,२०० छायाचित्रे आहेत. छायाचित्रकाराच्या मुलाला शोभेल असाच हा ग्रंथ आहे.

या चित्रांतून दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे दिशा. शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि मध्याकडून टोकांकडे सरकत जातो. सोळाव्या आठवड्यापर्यंत मुलाला डोळे फिरवणारे स्नायू साधलेले असतात. त्यानंतर अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत मान आणि बाहू त्याच्या ताब्यात येतात. चाळिसाव्या आठवड्यापर्यंत धड आणि हाताचे पंजे, तर वर्ष भरेपर्यंत पाय, पावले, तर्जनी आणि अंगठा. गोळी उचलण्याचेही तसेच. सुमारे सात महिन्यांचे मूल सगळा पंजा गोळीवर टाकून ती ओरबाडू पाहते. दहाव्या महिन्याच्या आसपास तर्जनी वेगळी होऊन गोळीला टोचू लागते आणि वर्षाच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांची नीटस चिमटी जमते. भुईवर पडलेला मुरमुरा उचलून तोंडात घालणारे मूल किती लांबची वाट चालून तेथवर आलेले असते, हे या चित्रांनी दाखवून दिले.

तान्ह्या बाळाच्या एका स्थितीकडे गेझेल यांनी विशेष लक्ष वेधले. उताणे निजलेले दोनतीन महिन्यांचे बाळ मान एका बाजूला वळवते, त्या बाजूचा हात लांब करते आणि दुसरा हात कोपरात दुमडून डोक्याकडे घेते. धनुष्य ओढणाऱ्या धनुर्धराची आठवण व्हावी अशी ती मुद्रा असते. वरवर पाहता तिच्यात काही अर्थ दिसत नाही. पण मान वळलेली आणि हात समोर पसरलेला, त्यामुळे बाळाची नजर वारंवार स्वतःच्याच हातावर पडते. डोळा आणि हात यांची पहिली ओळख होते ती अशी, असे गेझेल यांचे प्रतिपादन होते.

दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित होती. वाढ सरळ रेषेत पुढे जात नाही. लुईस बेट्स एम्स यांच्यासह १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी पालथे पडण्यापासून चालण्यापर्यंतच्या वाटचालीचे २३ टप्पे दाखवले. त्यात मूल कधी हातपाय सरळ ताणते, कधी दुमडते; कधी दोन्ही बाजू एकदम हलवते, तर कधी आलटून पालटून. एक ढब जमली म्हणावी, तोच ती मोडते आणि काही आठवड्यांनी अधिक पक्की होऊन परत येते. काल छान बसणारे मूल आज डगमगते, म्हणून आईवडील धास्तावतात. गेझेल यांच्या मते ते डगमगणेही वाढीचाच भाग असतो.

मुलाला चालायला शिकवावे लागते, की वेळ आली म्हणजे ते आपले आपण चालते? हा प्रश्न तेव्हा मोठ्या वादाचा होता. मुलाला हवे तसे घडवता येते, असे सांगणाऱ्या जॉन वॉटसन यांच्या मताचा अमेरिकेत बोलबाला होता. गेझेल आणि हेलन थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या वादात उतरला. हुबेहूब सारख्या अशा दोन जुळ्या मुलींपैकी एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज लहानसा जिना चढण्याचा सराव देण्यात आला. दुसरीला या काळात जिना दाखवण्यातच आला नाही. ५२ व्या आठवड्यात पहिली मुलगी २६ सेकंदांत जिना चढली. ५३ व्या आठवड्यात दुसरीला प्रथमच जिन्यापाशी आणले, तर तीही कोणी न शिकवता ४५ सेकंदांत वर पोहोचली. पुढे केवळ दोन आठवड्यांच्या सरावात तिने बहिणीची बरोबरी केली. सहा आठवड्यांच्या कष्टांचे फळ असे दोन आठवड्यांत पुसले गेले.

गेझेल यांनी यातून काढलेला निष्कर्ष ठाम होता. मज्जासंस्था पक्व झाल्याशिवाय शिकवणे व्यर्थ आहे आणि ती पक्व झाली की थोडे शिकवणेही पुरते. परंतु दोन मुली म्हणजे सगळे जग नव्हे. न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅक्ग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांवर असाच प्रयोग केला आणि १९३५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. जॉनीला जन्मानंतर काही आठवड्यांतच सराव सुरू झाला, जिमीला नाही. चालण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक पडला नाही. येथवर गेझेल बरोबर ठरले. पण पोहणे, उतार चढणे, चाके लावलेल्या बुटांवर घसरत जाणे अशा गोष्टी जॉनी कितीतरी आधी आणि अधिक सफाईने करू लागला. म्हणजे काही हालचाली वयाबरोबर येतात आणि काही संधी मिळाली तरच येतात.

या वादापलीकडे, रुग्णालयांत गेझेल यांच्या कामाचा झालेला उपयोग निर्विवाद आहे. कॅथरीन अमाट्रुडा यांच्यासह १९४१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी बाळाच्या हालचालींवरून मेंदूतील बिघाड लवकर कसा ओळखावा, याची पद्धत डॉक्टरांच्या हाती दिली. आठव्या महिन्यातही एकच हात पुढे येतो आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहते, तर तो हट्ट किंवा सवय नसून दुखणे असू शकते, हे त्यामुळे वेळीच ध्यानात येऊ लागले. दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांविषयीही त्यांचे म्हणणे महत्त्वाचे ठरले. दोन महिने आधी जन्मलेले बाळ जन्मतारखेच्या हिशेबाने मागे दिसते, पण त्याची पक्वता गर्भधारणेपासून मोजली तर ते बहुधा मागे नसतेच. अशा बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते लवकर आले, तितके वजा करण्याची रीत आज सर्वत्र आहे. तिने कित्येक घरांतील विनाकारण चिंता टाळली आहे.

त्याच वर्षी गेझेल यांच्या हातून एक मोठी चूक घडली आणि तिचा संबंध आपल्या देशाशी आहे. बंगालमधील मिदनापूर येथे अनाथाश्रम चालवणारे जे. ए. एल. सिंग या धर्मोपदेशकांनी १९२० मध्ये लांडग्यांच्या गुहेत दोन मुली सापडल्याचे सांगितले होते. अमला १९२१ मध्ये वारली आणि कमला १९२९ मध्ये. कमला चार पायांवर धावे आणि दोन पायांवर उभे राहायला तिला कित्येक वर्षे लागली, असे त्या वृत्तांतात होते. माणसाची ताठ चाल जन्मजात किती आणि माणसांच्या सहवासाने किती, या प्रश्नाने गेझेल झपाटलेले. त्यांनी हा वृत्तांत खरा मानून १९४१ मध्ये कमलावर पुस्तक लिहिले. पुढील संशोधकांना या कथेसाठी भरवशाचा पुरावा मिळाला नाही आणि ती बनावट असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात. कदाचित कमला ही जन्मतः अपंग असलेली, कोणी तरी टाकून दिलेली मुलगी असेल. कॅमेऱ्याने टिपल्यावाचून बाळाच्या मुठीवरही विश्वास न ठेवणाऱ्या या शास्त्रज्ञाने समुद्रापारची ऐकीव गोष्ट इतक्या सहज कशी स्वीकारली, याचे नवल वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेझेल घरोघर पोहोचले. फ्रान्सिस इल्ग यांच्यासह लिहिलेले त्यांचे पालकांसाठीचे पुस्तक १९४३ मध्ये आले, पाच ते दहा वयावरील पुस्तक १९४६ मध्ये. मुलाला घाईने ओढू नका, त्याची वेळ येऊ द्या, हा त्यांचा धीर देणारा सूर लोकांना भावला. पण त्याच पुस्तकांत वयाप्रमाणे काय काय यावे याची वर्णने होती आणि पालकांनी धीर बाजूला ठेवून वर्णनांचा फूटपट्टीसारखा वापर केला. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, आमचे अजून रांगतेच आहे, ही तुलना जगात नवी नव्हती. तिला आता छापील कोष्टकाचा आधार मिळाला. त्या कोष्टकामागील मुले कोण होती, हे फार थोड्यांना माहीत होते. पहिल्या वर्षाची मूळ नोंद १०७ बाळांवर आधारलेली होती. ती सगळी न्यू हेवन परिसरातील, मध्यम स्थितीतील घरांतील आणि उत्तर युरोपीय वंशाच्या आईवडिलांची होती. एका शहरातील शंभर बाळांची सरासरी साऱ्या मानवजातीचा नियम म्हणून वावरू लागली. गेझेल यांनी मुलामुलांतील वेगळेपणाचा उल्लेख वारंवार केला आहे. तरीही त्यांच्या मांडणीचा भर एकसारखेपणावर होता, हे मान्य करावे लागते.

१९४८ मध्ये ते येलमधून निवृत्त झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये न्यू हेवनमध्येच त्यांच्या नावाची संस्था स्थापन केली आणि तेथे ते मार्गदर्शन करीत राहिले. २९ मे १९६१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनापूर्वी एकच वर्ष आधी वेन डेनिस यांनी तेहरानमधील अनाथालयांची पाहणी प्रसिद्ध केली होती. जेथे बाळे दिवसचे दिवस पाळण्यात उताणी पडून राहत, तेथील दोन वर्षे उलटलेली बहुतेक मुले चालत नव्हती. पक्व होण्यासाठीही कोणी तरी उचलावे, बसवावे, जमिनीवर सोडावे लागते, हे त्यातून दिसले. केनियातील किप्सिगिस जमातीत आया बाळांना मुद्दाम बसायला आणि चालायला शिकवतात. तेथील बाळे अमेरिकेतील बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसतात आणि चालतात, असे चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये दाखवले. रांगणे मात्र कोणी शिकवत नाही आणि त्यात ती पुढे नसतात.

सर्वांत विलक्षण प्रयोग एस्थर थेलन यांचा. नवजात बाळाला उभे धरले तर ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि दोनएक महिन्यांत हे थांबते. मेंदू पक्व होत गेल्याने ही क्रिया दबते, असे मानले जाई. थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी बाळे छातीपर्यंत कोमट पाण्यात धरली आणि पावले परत आली! पायांवर चढलेल्या बाळसेदार मांसाचे वजन त्या दुबळ्या स्नायूंना पेलत नव्हते, एवढेच. पाण्याने ते वजन हलके केले. १९८४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पहिल्या पावलाचे सारे श्रेय मेंदूच्या घड्याळाला देणे कठीण झाले.

भारतात या परंपरेचे काम बडोद्याला झाले. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या शारीरिक आणि मानसिक वाढीची मापे तयार केली. परदेशी बाळांच्या मोजपट्टीने आपली बाळे मोजायची नाहीत, असा त्यामागील विचार. १९९७ मध्ये सुधारलेल्या त्यांच्या मापनश्रेणीत हालचालींचे ६७ टप्पे आहेत आणि देशातील अनेक रुग्णालयांत ती वापरली जाते.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. एकेका हालचालीसाठी त्यात एक तारीख नव्हे, तर लांबरुंद कालावधी दिलेला आहे. आधाराशिवाय चालणे निरोगी मुलाला ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकते. आधाराशिवाय बसणे ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत. आणि त्या मुलांपैकी शेकडा चारांहून किंचित अधिक मुले हात आणि गुडघे टेकून कधी रांगलीच नाहीत. मधली ती पायरी गाळून ती उभी राहिली आणि चालू लागली.